लोंब्यांच्या पॅनलमागे

त्या पॅनलमध्ये भाताच्या लोंब्या होत्या. खऱ्या. दोन दुधी अॅक्रिलिक शीटांच्या मध्ये दाबून बसवलेल्या, ओळीने उभ्या, जमिनीपासून थेट छतापर्यंत. मागून उजेड आला की सोनेरी दिसायच्या. काकीला ते पॅनल सुचवणाऱ्या डिझायनर बाई म्हणाल्या होत्या, याने घराला गावाकडचा फील येतो. गाव! आम्ही गावातच राहत होतो. आमच्या घराण्याने भाताची शेतं नव्या शहरासाठी सरकारला दिली, बदल्यात भूखंड घेतला, भूखंडावर बंगला बांधला आणि मग त्या बंगल्याच्या हॉलमध्ये लावायला दुकानातून प्लास्टिकमध्ये कोंबलेल्या लोंब्या विकत आणल्या. मी आजवर शेकड्यांनी पत्रकं लिहिली, पण हे एकाही पत्रकात घातलं नाही. लोकांना वाटलं असतं, बाई वाढवून सांगते.

आत्मकथन लिहायचं माझं वय नाही, हे मला चार जणांनी ऐकवलंय. त्यातल्या एकाने असंही सुचवलं की हे प्रकरण जरा मऊ कर, काका आता थकलेत. काका थकलेत हे मला ठाऊक आहे, मी रोज बघते. थकलेला माणूस त्यामुळे बरोबर ठरत नाही. पत्रकात चार ओळी मिळतात, त्यात माणसाला उभं चिरायचं असतं. इथे मला पानं मिळाली आहेत, तेव्हा सावकाश चिरते.

घर दोन भावांचं. काशिनाथ मोठा, म्हणजे काका. जनार्दन धाकटा, म्हणजे माझे बाबा. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रेलर चालवायचे. बंगल्याच्या स्लॅबसाठी लागलेली सळई त्यांनी स्वतः निवडून, स्वतःच्या ट्रेलरवर आणली होती आणि ती उतरवताना उजव्या हाताचं एक नख कायमचं घालवून बसले होते. हॉल मुद्दाम लांबच लांब ठेवला होता. पुढे ओटा, मोठं दार, मग हॉल, आणि हॉल संपतो तिथे आमचं स्वयंपाकघर आणि एक खोली. काका-काकी आणि त्यांची दीपाली वरच्या मजल्यावर आणि हॉलच्या डाव्या अंगाला. दोन्ही चुली वेगळ्या, हॉल एक. बाबा सकाळी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून निघायचे ते अख्खा हॉल ओलांडून ओट्यावर जाऊन बसायचे. त्यांना ते चालणं आवडायचं. म्हणायचे, "एवढा लांब हॉल पनवेलमध्ये लग्नाच्या कार्यालयालाच असतो."

मी दहावीत असताना बाबा तापाने गेले. आठ दिवसांत. वर्षश्राद्धाच्या दिवशी पिंड ठेवून झाल्यावर काका आईला म्हणाले की दीपालीला आता स्थळं येणार, घर जरा नीट करून घेतो, हॉलमध्ये एक पार्टिशन टाकतो, तुलाही तुझी जागा होईल. आईने विचारलं, "कायमचं?" काका बोलले, "छे गो. दीपूचं लगीन झालं की काढून टाकू. देवासमोर सांगतोय." देव्हारा खरोखरच समोर होता. आई 'बरं' म्हणाली. महिन्याभरात लोंब्या आल्या.

पॅनल हॉलच्या मागच्या तिसऱ्या हिश्श्यावर बसलं. म्हणजे पुढचं दार, ओटा, दोन्ही खिडक्या आणि टीव्ही त्यांच्याकडे. आमच्याकडे स्वयंपाकघर, खोली, हॉलचा कापून उरलेला तुकडा आणि मागचं दार. मागचं दार गटाराच्या बोळात उघडायचं. रस्त्यावर यायचं तर बोळातून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, घराची अख्खी बाजू चालून पुढे यायला लागायचं. पॅनलला दार ठेवलं नव्हतं. डिझायनर बाई म्हणाल्या होत्या, दाराने डिझाइन तुटतं. आईला एकच गोष्ट हवी होती आणि ती तिने त्या दोन वर्षांत कोणापासून लपवली नाही. नवऱ्याने बांधलेल्या घरात तिला पुढच्या दाराने यायचं-जायचं होतं. पैसा नको, वरचा मजला नको. दार.

दुधी पॅनलमागे ज्यांनी दिवस काढले नाहीत त्यांना त्याचे कायदे माहीत नसतात, म्हणून सांगते. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूच्या माणसांच्या सावल्या अंधारातल्या माणसाला दिसतात. माणूस पॅनलपासून लांब असेल तर नुसता ढग दिसतो. जवळ आला की कडा येतात आणि अगदी चिकटून उभा राहिला तर नाकाचं हाडसुद्धा मोजता येतं. त्यांच्याकडे झुंबर होतं, आमच्याकडे एक ट्यूब. पाहुणे आले की काकी पॅनलवर दोन बोटांनी टकटक करायची. तिचा आवाज यायचा, "हिरा, ट्यूब घालव गो. तुमच्या सावल्या नाचतात हितं." मग आम्ही अंधारात बसायचो. बारावीचा निम्मा अभ्यास मी त्यांच्या झुंबराच्या उष्ट्या उजेडात केला. वहीवर लोंब्यांची सावली पडायची, ओळीवर ओळ, आणि मला त्या लोंब्यांमधून अकाउंट्सचे प्रश्न वाचावे लागायचे. लोक विचारतात तू चळवळीत कशी आलीस. काय सांगू? अशी आले.

दिसायचं नाही तरी ऐकू सगळं यायचं. काकीचा मिक्सर, काकांचं खाकरणं, टीव्हीवरच्या मालिकेत कोणीतरी कोणाच्या तरी थोबाडीत मारली की वाजणारा ढोल. आमचं त्यांना ऐकू जायचं, म्हणून आई हळू बोलायला शिकली. गावात जिच्या आवाजासाठी लोक लग्नाची तारीख पुढे ढकलायचे, ती बाई स्वतःच्या घरात कुजबुजायला लागली.

कारण माझी आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजी नंतर येतो, आधी धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत एकेका विधीला तिचे धवले असतात. ती गाऊन देवांना बोलावते, माणसांना बोलावते, आता कोणी पुढे यायचं आणि कोणी हळद लावायची हे तीच गाण्यातून सांगते. ती थांबली की लग्न थांबतं. तिथे सवाष्ण-विधवा कोणी मोजत नाही. आईला ज्या म्हातारीने धवले दिले ती चाळीस वर्षं विधवा होती आणि तिच्याशिवाय आजूबाजूच्या पाच गावांत मांडवाची मेढ रोवली जात नव्हती. आईची रीत तिच्याकडून आलेली होती. आधी देव, मग घरातले गेलेले, मग जिवंत. गेलेल्यांना नावानिशी बोलवायचं. आई म्हणायची, "जिवंत मानूस उशिरा आला तरी चालतो, मेलेल्याला वेळेवर बोलवाला लागतं. त्याला लांबून यायचं असतं."

दीपालीचं लग्न ठरलं. स्थळ आमच्यातलंच, पण डोंबिवलीला स्थायिक झालेलं, नवरामुलगा इंजिनीयर. काकी त्या दिवसापासून पाहुण्यांसमोर 'नाय' ऐवजी 'नाही' म्हणायला लागली. दीपालीबद्दल माझं काही भांडण नव्हतं. तिने मला सायकल शिकवली होती, तिचे जुने ड्रेस मी घालायचे आणि ते जुने वाटायचे नाहीत. पॅनल बसल्यावरही ती कधीतरी पलीकडून चिकटून उभी राहायची आणि पंजा टेकवायची. मी माझा पंजा अलीकडून टेकवायचे. एवढंच.

लग्नाला आठवडा असताना संध्याकाळी टकटक झाली. काकीची सावली पॅनलजवळ आली. बांगड्यासुद्धा दिसत होत्या.

"हिरा, हायस का?"

"कुठं जानार?" आई सुक्या जवळ्यातला कचरा निवडत होती. "बोल."

"दीपूच्या सासूचा फोन आलता. बोलली, हळद धवलारनीशिवाय लावाची नाय. ती पन जुन्या वळनाची निघाली बघ. आमी बोललो, घरात हाय ना आमच्या, बाहेरची कशाला."

"गाईन की. पोर माजीच हाय."

"हां. फक्त..." काकीची सावली जरा मागे सरली, ढग झाला. "व्हिडिओवाला बोलतो, पाटाजवळ गर्दी नको. तू आतनंच गा. माईक देतो आमी, बिनवायरचा. आवाज मस्त येईल बाहेर."

आईचा हात सुपात थांबला. "आतनं म्हंजे?"

"म्हंजे तुज्या बाजूनं. पॅनलच्या मागनं."

मी मोठ्याने बोलले, "आवाज चालतो, बाई चालत नाय का?"

"तू मधे बोलू नको गो, लय शिकलेली!" काकीची सावली पुन्हा कडक झाली. "शुभकार्याच्या फोटोत कोरं कपाळ कशाला पायजे? लोक काय बोलतील? तूच समजव आईला."

आई पुन्हा जवळा निवडायला लागली. थोड्या वेळाने काकांची सावली आली, पोटासकट. "हिरा, एक सांगायचं ऱ्हायलं. जनाचं नाव घेऊ नको त्यात. मेलेल्याचं नाव निघालं की मग लोक विचारतात, त्याची बायको कुठं, पोर कुठं. थेट हळदीवर ये. काय?"

आई म्हणाली, "ऐकलं."

'ऐकलं' म्हणाली, 'बरं' म्हणाली नाही. हा फरक काकांच्या लक्षात आला नाही, माझ्या आला. पण ते गेल्यावर मी भांडायला उठले तेव्हा तिने मलाच दाबलं. "चार दिस गप ऱ्हा. लगीन झालं की हे प्लॅस्टिक जातंय. मी मोजून काढलेत दिस, तू नको मोडू." आणि जवळ्याला फोडणी दिली. लसूण इतका करपवला की पलीकडून दीपालीला ठसका लागला.

हळदीच्या दिवशी दुपारी व्हिडिओवाला आमच्या मागच्या दाराने आला, घाम पुसत. तीन पायांच्या स्टँडवर भलाथोरला दिवा. म्हणाला, "काकू, पॅनलच्या मागे एक लाइट ठेवतो. समोरून शूट केलं ना, की लोंब्या पेटल्यासारख्या दिसतील. काकींनीच सांगितलंय."

आई म्हणाली, "ठेवा."

मी त्या दिव्याकडे बघतच राहिले. दोन वर्षं ज्यांनी आम्हाला एक ट्यूब लावू दिली नाही, त्यांनी व्हिडिओच्या हौसेपोटी आमच्या खोलीत सूर्य आणून ठेवला होता. पॅनल आणलं त्यांनी, कायदे केले त्यांनी, आणि पॅनलचा पहिला कायदा विसरले तेही तेच. डिझायनर बाईने सांगितलेला फील शोधता शोधता त्यांना एवढंही आठवलं नाही की उजेड मागून आला की मागचा माणूस दिसतो.

दिवेलागणीला पाहुणे आले. डोंबिवलीहून उष्टी हळद घेऊन बायकांची गाडी आली, त्यात दीपालीची सासू स्वतः. दणकट बाई, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, गळाभर सोनं आणि पुरुषी आवाज. डोंबिवलीत राहून तिने काही सोडलं नव्हतं. व्हिडिओवाल्याने दिवा पेटवला. आई हिरव्या नऊवारीत माईक घेऊन पॅनलपाशी जाऊन उभी राहिली, अगदी चिकटून. ते मी तिला सांगितलं नव्हतं. पॅनल कसं वागतं हे तिलाही माझ्याइतकंच पाठ होतं.

हॉलमध्ये काय दिसलं ते मी नंतर व्हिडिओत पाहिलं. सोन्याच्या लोंब्यांच्या शेतात एक काळी बाई उभी. अंबाडा, नथ नसलेलं नाक, हनुवटी, माईकवरची बोटं. पाटावर बसलेली दीपाली तिच्यापुढे एवढीशी. काकीने व्हिडिओवाल्याला खुणा केल्या, दिवा बंद कर, पण तो कॅमेऱ्यात डोकं खुपसून खूश होता. त्याला असली फ्रेम आयुष्यात मिळाली नव्हती.

आईने सुरुवात केली. पहिला सूर आला आणि हॉलमधली पोरं रडायची थांबली. तिने गणपतीला बोलावलं, एकवीरेला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, वेशीवरच्या म्हसोबाला बोलावलं. प्रत्येक नावाला बायकांनी मागून ओळ धरली. देव संपले. आणि आई थांबली.

आधी कोणाला काही वाटलं नाही. श्वास घेत असेल. मग बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हळदीची वाटी सासूच्या हातात तशीच.

"काय झालं?" सासूने विचारलं. "धवलारीनबाय थांबली का?"

काकी हसली. "माईक बंद पडला असेल. नेहमीचंच आहे."

स्पीकरमधून आईचा आवाज आला, शांत. "माईक चालू हाय. पुढचं नाव घ्याला मनाई हाय."

"कोनाचं नाव?"

"माज्या मालकाचं. नवरीच्या सख्ख्या काकाचं. हे घर ज्यानं बांधलं त्याचं."

सासूने वाटी खाली ठेवली. "गेलेल्यांना बोलवल्याबिगर आमच्यात हळद उचलत नाय. कोनी केली मनाई?" ती पॅनलकडे वळली. "आन तू आत काय करतेस? सावलीनं हळद लावतात का? बाहेर ये." ती उठून पॅनलपाशी आली. आमच्या बाजूने मला तिचे दोन तळहात दिसले, पॅनल चाचपत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, कडी शोधत. "ह्याला दार कुठं हाय?"

कुठेतरी मागे एक बाई फिस्सकन हसली. ते हसणं माझ्या कानात आहे.

"दार नाय बाय," आई म्हणाली. "मला फिरून यावं लागंल. थांबा जरा."

तिने माईक माझ्या हातात दिला आणि हळू म्हणाली, "बंद कर गो हे."

आता नीट वाचा, कारण हे मी आजवर कबूल केलेलं नाही. भावकीतल्या बैठकीत मी शपथेवर सांगितलं की गडबडीत राहून गेलं. माझ्या मैत्रिणींना हसत सांगितलं की बटण सापडलं नाही. खोटं. बटण अंगठ्याखाली होतं. मी ते दाबलं नाही. अठरा वर्षांची होते, पूर्ण शुद्धीत होते आणि अंगठा उचलून बाजूला ठेवला. आई पुढे, मी मागे, माईक छातीशी धरून.

मागच्या दाराची कडी निघाली ती हॉलमधल्या दोनशे लोकांनी ऐकली. बोळात आचाऱ्यांचे टोप होते, कोणीतरी 'अगं बाई, कोलंबी सांडेल' म्हणून ओरडलं, तेही ऐकलं. गटारावरची डुगडुगती फरशी वाजली. कुत्रं भुंकलं. आईच्या चपला, ओल्या, फटक फटक. व्हिडिओत ते सगळं आहे. समोर नटलेला हॉल, पाटावर नवरी, कोणी हलत नाही आणि स्पीकरमधून एक बाई आपल्या घराच्या मागून पुढे चालत येते आहे. केवढं लांब आहे ते, हे त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. मी हे पत्रक लिहून समजावू शकले नसते.

पाण्याच्या टाकीपाशी काका आडवे आले. पुढून धावत आले होते, धाप लागलेली.

"परत फिर. आत्ताच्या आत्ता."

"हळद थांबलीय भावजी."

"थांबू दे! पाव्हन्यांसमोर तमाशा करतेस? लगीन झालं की बसू, बोलू."

"लगीन झालं की पॅनल काढनार बोलला होतात."

"कोन बोलला?"

"तुमी. वर्षश्राद्धाला. देव समोर होता."

"ते तवा बोललो!" काकांनी हात झटकला. "आता जावयाचं येनंजानं व्हनार. हे पॅनल काय निघत नाय, डोक्यातनं काढून टाक. तुला मागचं दार हाय ना? मानसाला दारच लागतं ना? मग?"

"आन ह्यांचा अर्धा हॉल?"

"जना गेला, हिरा. त्याचा अर्धा पन गेला."

'गेला' हा शब्द मांडवातल्या स्पीकरमधून परत आला. जरा उशिराने, मोठा होऊन. काका थबकले. त्यांनी मान वर करून बघितलं, जणू आभाळातून कोणीतरी बोललं. मग त्यांची नजर खाली आली, माझ्या हातावर. माईकवर. त्यांचा हात उठला. मी हलले नाही. तो हात वरच राहिला, कारण आता त्यांचा श्वासही स्पीकरमधून ऐकू येत होता, बैलासारखा, आणि तो थांबवायचा कसा हे त्यांना कळेना. मी माईक आणखी थोडा पुढे धरला. आईने माझ्याकडे एकदा बघितलं. रागावली की काय, मला आजही सांगता येणार नाही. मग ती काकांच्या बाजूने निघून गेली, जशी खांबाच्या बाजूने जातात तशी.

मांडवाच्या नळावर तिने पाय धुतले. ओट्याची पायरी चढली. पुढचं दार उघडंच होतं, लग्नघर ते. दोन वर्षांनी ती त्यातून आत गेली आणि दोनशे माणसं तिच्यासाठी बाजूला सरली. सासूने स्वतःच्या शेजारची जागा हाताने झाडून तिला बसवलं. माईक नको म्हणाली आई. तिने तोंड वर केलं आणि नुसत्या गळ्याने नवऱ्याला बोलावलं. जनार्दना, लेकीची हळद आहे, लांबून ये, पण ये. मी दारात उभी होते. बाबांच्या मृत्यूनंतर मी त्या क्षणापर्यंत रडले नव्हते. काकी रडत होती ती वेगळ्या कारणाने. मला तिचं रडणं गोड लागलं, हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

दीपालीही रडत होती. हळद गालावरून ओघळून तिच्या पिवळ्या साडीवर आली होती. तिची हळद एकदाच होती आणि ती तिच्या बापाच्या तोंडून निघालेल्या त्या वाक्याने कायमची डागाळली. तिने तो व्हिडिओ कधी कोणाला दाखवला नाही म्हणतात. माझ्याशी ती तेव्हापासून बोललेली नाही. माझ्या सुडाची किंमत काकांनी दिली, ती रास्त होती. तिने दिली, ती नव्हती. एवढंच मी मान्य करते, आणि ते मान्य करूनही सांगते, पुन्हा तो माईक हातात आला तरी मी बटण दाबणार नाही.

लग्न मोडलं नाही. असल्या गोष्टींनी लग्नं मोडत नाहीत, माणसं मोडतात. पण पाठवणीच्या वेळी गाडीत बसताना सासूने काच खाली केली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काशिनाथशेट, पाचव्या दिवशी पाचपरतावनाला सुनेला घेऊन येऊ तवा आमाला अख्खा हॉल बघाचाय. लय ऐकलंय त्याबद्दल." काका हसले. ओठ तेवढे हसले. त्या रात्री नेऱ्याच्या फार्महाऊसवर जाऊन राहिले, तोंड दाखवायला नको म्हणून.

चौथ्या दिवशी परत आले. सोबत एक फिटर, पेटी घेऊन. दोघे हॉलमध्ये पॅनलसमोर बराच वेळ उभे असलेले आम्हाला दिसत होते, दोन ढग. फिटर शीटवरून हात फिरवत वर-खाली करत होता. मग त्याचा आवाज आला, "शेट, इकडून निघणार नाही. सगळे स्क्रू पलीकडून मारलेत. ही बाजू साफ दिसावी म्हणून." मग ते दोन ढग पुढच्या दाराकडे विरघळले.

आम्ही जेवायला बसलो होतो. बोळात पावलं वाजली, टाकीपाशी थांबली, परत निघाली. गटारावरची फरशी डुगडुगली. मागच्या दारात काका. पॅनल बसल्यापासून ते या दाराशी कधीही आले नव्हते. दार इतकं बुटकं असेल याची त्यांना कल्पना नव्हती बहुतेक, कपाळ वरच्या चौकटीला लागलं. एक पाय फरशीवर, एक पाय उंबऱ्यापाशी, खाली गटार, मागे फिटर पेटी सांभाळत.

"हिरा," ते म्हणाले. मग घसा खाकरला. "हिरा, आत येऊ का?"

आईने घास गिळला. पाणी प्यायली. तांब्या जागेवर ठेवला.

"थांबा," ती म्हणाली. "जेवतोय आमी."

आणि माझ्याकडे ताट सरकवलं. "भात वाढ गो. आजून वाढ. घाई कसली हाय?"